भीती होती, पण भलत्याच जागी

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वुहानमधल्या नऊ गरोदर स्त्रियांची हकीकत छापून आली. सगळ्या दिवस भरत आलेल्या, सगळ्यांना कोरोनाचा न्यूमोनिया झालेला. नऊही जणींचं सिझर झालं, नऊही बाळं जिवंत जन्मली आणि आयाही वाचल्या. त्यांतल्या सहा जणींचं गर्भजल, नाळेतलं रक्त, दूध आणि बाळाच्या घशातला स्वॅब तपासला गेला. विषाणू कशातच सापडला नाही. नऊ ही संख्या लहान आहे हे लेखकांना ठाऊक होतं, पण त्या महिन्यात जगभरच्या डॉक्टरांना या विषयावर वाचायला दुसरं फारसं काही नव्हतं. त्यामुळे नऊ बायकांवरून दोन निष्कर्ष हां हां म्हणता पसरले. एक, गरोदर बाईला हा आजार इतरांसारखाच होतो, अधिक नाही. दुसरा, पॉझिटिव्ह बाई म्हणजे सिझर. दोन्ही पुढे चुकीचे ठरले. त्यातला पहिला तर जिवावर बेतणारा होता.

या विषयातल्या गैरसमजांची यादी लांब आहे, पण त्यांचा कल पाहण्यासारखा आहे. घरोघरी लोक घाबरले ते आईमुळे बाळाला काय होईल याला. तिच्या दुधाला, तिच्या श्वासाला, तिच्या हाताला. आईचं स्वतःचं काय होईल, तिच्या वारेचं काय होईल, दवाखान्यात पोचायला उशीर झाला तर काय होईल, ही भीती त्या मानाने फारच कमी. आणि लस आली तेव्हा आजारापेक्षा लसीचाच धसका मोठा. आकडे मात्र बरोबर उलटं सांगतात.

‘तरुण पोर आहे, तिला काय होतंय?’

कोरोना म्हाताऱ्यांना मारतो, हे पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. गरोदर स्त्रिया विशी-तिशीतल्या, म्हणून त्यांच्याकडे लक्ष उशिरा गेलं. खरं तर वैद्यकाला हा धडा जुना होता. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या १,३५० गरोदर रुग्णांपैकी २७ टक्के दगावल्या होत्या. २००९ च्या स्वाइन फ्लूत तिथे गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का होत्या, पण मृत्यूंमध्ये सुमारे पाच टक्के.

कारण शरीराच्या रचनेतच आहे. गर्भ वाढतो तसं गर्भाशय छातीखालच्या पडद्याला वर सारतं, कधी कधी चार सेंटिमीटरपर्यंत. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते आणि शरीराची ऑक्सिजनची गरज जवळपास तेवढीच वाढलेली असते. शिल्लक कमी, खर्च जास्त. न्यूमोनिया झाला की अशा बाईचा ऑक्सिजन उतरू लागतो तो झपाट्याने. त्यातच गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. बाळंतपणातला रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानेच केलेली ती सोय आहे. पण कोरोनाही गुठळ्या करतो, आणि दोन्ही एकत्र आले की पायाच्या शिरेपासून फुप्फुसापर्यंत कुठेही गुठळी अडकण्याचा धोका वाढतो. म्हणून दाखल झालेल्या बायकांना रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं देत. ‘पोटात सुई टोचतात’ हे ऐकून नातेवाईक हादरायचे. ती सुई कातडीखालीच थांबते, आणि हेपॅरिन वारेतून पलीकडे गर्भाकडे जातच नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये लक्षणं असलेल्या चार लाखांहून अधिक तरुण स्त्रियांची आकडेवारी मांडली. त्यांतल्या २३,४३४ गरोदर होत्या. हजारी १०.५ गरोदर स्त्रियांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. गरोदर नसलेल्यांत हे प्रमाण ३.९ होतं. व्हेंटिलेटर लागला तो हजारी २.९ जणींना, इतरांत १.१. काही महिन्यांनी भारतासह १८ देशांतल्या ४३ रुग्णालयांचा अभ्यास आला. त्यात लागण झालेल्या ७०६ गरोदर स्त्रियांपैकी ११ दगावल्या, तर लागण न झालेल्या १,४२४ पैकी फक्त एक. गरोदरपणात रक्तदाब चढून मूत्रपिंड आणि यकृतावर ताण येतो, त्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाणही लागण झालेल्यांमध्ये पावणेदोन पट होतं. मला यातली सर्वांत दखल घेण्याजोगी गोष्ट वाटते ती ही, की ज्यांना ताप-खोकला काहीच नव्हता त्यांच्यातही प्रीएक्लॅम्पसिया जास्त आढळला. ‘लक्षणं नाहीत, म्हणजे झालं’ असं म्हणून बीपी मोजणं सोडून देणाऱ्यांसाठी हा आकडा आहे.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या प्रजनन आरोग्य संस्थेने राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून गरोदर कोरोना रुग्णांची एक नोंदवही उघडली होती, ‘प्रेगकोविड’ नावाची. पहिल्या लाटेत महाराष्ट्रातल्या १९ रुग्णालयांतून ४,२०३ जणींची नोंद तिच्यात झाली. त्यांतल्या लक्षणं असलेल्या फक्त १३ टक्के. बाकीच्या दाखल होतानाच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघालेल्या. जन्मांपैकी १६ टक्क्यांच्या आसपास दिवस भरण्याआधीचे. मृत्यू ३४, म्हणजे ०.८ टक्के. पुणे विभाग आणि मराठवाड्यात हे प्रमाण मुंबई आणि विदर्भापेक्षा जास्त.

मग दुसरी लाट आली. मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या नोंदींची तुलना संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये जाहीर केली. लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेलं होतं. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर. पहिल्या लाटेत १,१४३ पैकी आठ, दुसरीत ३८७ पैकी २२. तेच रुग्णालय, त्याच वयाच्या बायका. विषाणू बदलला होता आणि त्यांच्याकडे लस नव्हती. ती का नव्हती, ते पुढे येईलच.

‘बाळाला पोटातच लागण होते’

होऊ शकते, क्वचित. पुण्याच्या ससून रुग्णालयात मे २०२० मध्ये जन्मलेल्या एका बाळाची केस वैद्यकीय जगात गाजली. आईला बाळंतपणाआधी ताप येऊन गेलेला, तिचा स्वॅब निगेटिव्ह. पण बाळाचा स्वॅब, नाळेचं टोक आणि वार तिन्ही पॉझिटिव्ह. बाळ जन्मानंतर गंभीर झालं आणि उपचारांनी वाचलं. त्याच सुमारास पॅरिसजवळच्या एका रुग्णालयाने वारेतून लागण झाल्याचा असाच पुरावा प्रसिद्ध केला.

बातम्यांत अशा केसेस आल्या की प्रत्येक घराला आपलंच बाळ दिसतं. प्रत्यक्षात २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला, त्यात पॉझिटिव्ह आयांच्या १४,२७१ बाळांपैकी पॉझिटिव्ह निघाली १.८ टक्के. त्यातही बरीचशी जन्मानंतर बाहेरून लागण झालेली असणार. सिझर झालं की नैसर्गिक प्रसूती, अंगावर पाजलं की नाही, याने या आकड्यात फरक पडला नव्हता. आई जितकी गंभीर, तितका बाळाचा धोका अधिक, एवढंच काय ते दिसलं.

म्हणजे बाळ सुरक्षित? इथेच खरी मेख आहे. बाळाला विषाणूने शिवलंही नाही तरी विषाणू बाळाचा जीव घेऊ शकतो, कारण त्याचा घाव वारेवर बसू शकतो. वार म्हणजे गर्भाची फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि जेवणाचं ताट, सगळं एकाच अवयवात. काही बायकांत कोरोनाने वारेत असा दाह केला की आईच्या रक्ताने भरणाऱ्या तिथल्या पोकळ्यांत रक्त वाहण्याऐवजी फायब्रिन साचलं आणि पेशी मरून गेल्या. २०२२ मध्ये १२ देशांतल्या ६८ बाळांच्या वारा तपासून लिहिलेला अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. त्यातली ६४ बाळं पोटातच गेलेली, चार जन्मल्यावर लगेच. वारेचा सरासरी ७७.७ टक्के भाग निकामी झालेला. बहुतेक बाळांच्या स्वतःच्या शरीरात गंभीर लागणीची खूण नव्हती. ती गुदमरून गेली होती. या सगळ्या आयांनी लस घेतलेली नव्हती.

अमेरिकेत मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातल्या साडेबारा लाख प्रसूतींमध्ये मृत जन्माचं प्रमाण कोरोना नसलेल्यांत ०.६४ टक्के आणि असलेल्यांत १.२६ टक्के होतं. विषाणूचा डेल्टा हा प्रकार येण्यापूर्वी धोका जवळपास दीडपट. डेल्टाच्या काळात चौपट. नव्व्याण्णव टक्के बाळं तरीही जिवंत जन्मली, हेही त्याच आकड्यात आहे. पण ‘बाळाचा स्वॅब घ्या’ म्हणून आग्रह करणाऱ्या घरांनी ‘दोन दिवस पोटात हालचाल कमी वाटतेय’ या तिच्या बोलण्याकडे तितकंच लक्ष द्यायला हवं होतं.

व्यंग असलेलं मूल जन्मेल, हाही एक धसका होता, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत लागण झालेल्यांना. काहींनी त्यापायी गर्भ काढून टाकायचा विचार केला. झिका विषाणूच्या बातम्या लोकांच्या लक्षात होत्या, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी. स्कॉटलंडमध्ये अख्ख्या देशातल्या गरोदर स्त्रियांच्या नोंदी जोडून हे तपासलं गेलं: कोरोनाने जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलं नाही, लसीनेही नाही.

‘पॉझिटिव्ह म्हणजे सिझर’

नाही. विषाणू आईच्या श्वासात असतो आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रसूतीच्या प्रकाराने बाळाच्या लागणीत फरक पडत नाही. सिझर करायचं ते नेहमीच्या कारणांसाठी, किंवा आईचा श्वास इतका बिघडला की तिला वाचवायला पोट मोकळं करणं भाग पडलं म्हणून. न्यूमोनिया असलेल्या बाईवर विनाकारण शस्त्रक्रिया लादणं म्हणजे तिच्या अडचणीत भर. तरी २०२० मध्ये सिझर भरमसाट झाली. पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन बारा-चौदा तास कळांवर लक्ष ठेवण्यापेक्षा तासाभरात मोकळं होणं दवाखान्यांना सोपं गेलं, हे त्यामागचं न बोललं गेलेलं कारण.

‘बाळाला तिच्याजवळ देऊ नका, दूध तर नकोच’

ओल्या बाळंतिणीपासून बाळ उचलून दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या घरात नेण्याचे प्रकार त्या दोन वर्षांत सर्रास झाले. आजी-मावशी पावडरचं दूध कालवत होत्या आणि इकडे बाळंतिणीला छाती दाटून ताप. त्या तापाचा पुन्हा संशय कोरोनावरच. सगळं करणाऱ्यांचा हेतू बाळाला वाचवण्याचाच होता.

दुधाविषयी लवकरच उत्तर मिळालं होतं. कॅलिफोर्नियात १८ स्त्रियांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले, एकात विषाणूचे अंश सापडले, पण जिवंत, वाढू शकणारा विषाणू एकातही नाही. उलट लागण होऊन गेलेल्या आईच्या दुधात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. जागतिक आरोग्य संघटना पहिल्यापासून सांगत होती की मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. भारतातल्या प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही २०२० मध्येच तसं सांगितलं. आईच फार आजारी असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं, हेही त्यात होतं.

वेगळं ठेवण्याची किंमत कमी वजनाच्या बाळांनी सर्वाधिक मोजली. कांगारू पद्धतीने आईच्या उघड्या छातीशी बाळ धरलं की त्याची ऊब टिकते, श्वास नीट चालतो, जंतुसंसर्ग कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी मार्च २०२१ मध्ये गरीब देशांसाठी हिशेब मांडला: ही पद्धत सर्वांपर्यंत पोचली तर सव्वा लाखापर्यंत नवजात बाळं वाचतील, आईजवळ ठेवल्याने कोरोना होऊन दगावतील ती दोन हजारांहून कमी. हा हिशेब प्रसूतिगृहांच्या भिंतीवर लावायला हवा होता. बऱ्याच ठिकाणी भिंतीवर ‘आईला भेटण्यास मनाई’ होतं.

‘एक्स-रे नको, स्टिरॉइड नको, काढा चालेल’

या गैरसमजाला दोन तोंडं आहेत. गरोदर बाईला दवाखान्यात देऊ केलेलं औषध नाकारायचं आणि व्हॉट्सॲपवर आलेलं घरी द्यायचं.

छातीच्या एक्स-रेमधून गर्भापर्यंत जाणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. छातीच्या सीटी स्कॅनमध्येही तो एक मिलिग्रेच्या आत. गर्भाला अपाय होण्याची शक्यता धरतात ती ५० मिलिग्रेच्या वर. न्यूमोनिया किती पसरलाय हे न कळता उपचार करणं त्याहून किती तरी धोक्याचं. स्टिरॉइडचं तेच. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांमध्ये डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात. त्या चाचणीत गरोदर स्त्रियांनाही घेतलं होतं. त्यांच्यासाठी वारेतून कमी पलीकडे जाणारी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन वापरली. आठव्या महिन्याच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं देतातच, आणि तीही किती तरी वर्षांपासून. मात्र ऑक्सिजन नीट असताना स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करणं चूक, गरोदर असो वा नसो. मधुमेहाकडे झुकलेल्या गरोदर बाईत तर दुप्पट चूक.

आता दुसरं तोंड. जून २०२० पासून भारतात फॅविपिराविरच्या गोळ्या मिळू लागल्या आणि सौम्य रुग्णांना त्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भात व्यंग निर्माण करणारं हे औषध. गरोदरपणात ते वर्ज्य. घरात सासऱ्यांना आणलेल्या पाकिटातली गोळी ‘तिलाही खोकला आहे’ म्हणून सुनेला देणं सहज घडण्याजोगं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळालेल्या मोल्नुपिराविरचंही तसंच. गर्भाला अपाय आणि जनुकीय बदलांची शंका सांगत संशोधन परिषदेने ते आपल्या उपचारसूचीत घेतलंच नाही. आयव्हरमेक्टिन तर सरकारी सूचनांतच ‘गरोदर आणि स्तनदा मातांना टाळा’ असं लिहिलेलं.

काढ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन घोट सुंठ-तुळशीने काही बिघडत नाही. पण दिवसातून चार वेळा मिरी-दालचिनीचा कडक काढा पिऊन आधीच जळजळीने हैराण झालेली बाई आणखी हैराण होते, आणि त्यात ज्येष्ठमध सढळ घातलं तर रक्तदाब चढतो. गरोदरपणात आणि त्यातही कोरोनात, नेमका जो चढायला नको तो.

‘रिपोर्ट आणा, मग दाखल करू’

हा गैरसमज दवाखान्यांचा होता, आणि माझ्या मते या यादीतला सर्वांत निर्दय. कळा देणाऱ्या बाईला रिपोर्टअभावी या दारातून त्या दारात फिरवल्याच्या कहाण्या २०२० च्या उन्हाळ्यात राज्यात जागोजाग ऐकू आल्या.

नियम अगदी वेगळा होता. संशोधन परिषदेच्या २० एप्रिल २०२० च्या सूचनेत प्रतिबंधित क्षेत्रातल्या, पाच दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या बायकांची तपासणी करा असं होतं, पण तपासणीची सोय नाही म्हणून त्यांना दुसरीकडे पाठवू नका हेही त्यात होतं. १८ मेच्या सुधारित सूचनेत आणखी स्पष्ट: तपासणीसाठी कोणताही तातडीचा उपचार, प्रसूतीसुद्धा, खोळंबता कामा नये. कागद होता, तो दारापर्यंत पोचला नाही.

अशा खोळंब्याने काय होतं याचं सर्वांत उघड चित्र नेपाळमधून आलं. तिथल्या नऊ रुग्णालयांत टाळेबंदीच्या काळात प्रसूती निम्म्याहून खाली आल्या, ५२.४ टक्क्यांनी. मृत जन्म हजारी १४ वरून २१ वर गेले. नवजात मृत्यू हजारी १३ वरून ४० वर. यातल्या बहुतेक आयांना कोरोना झालेला नव्हता. गाडी नव्हती, पोलिसांची भीती होती, दवाखान्यात गेलं तर लागण होईल ही भीती होती. २०२१ मध्ये १७ देशांतल्या ४० अभ्यासांची गोळाबेरीज झाली तेव्हा मृत जन्म आणि मातामृत्यू दोन्ही वाढलेले दिसलेच, शिवाय नळीतल्या गर्भासाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण जवळजवळ सहापट झालं होतं. नळीतला गर्भ वेळेत कळला तर औषधाने भागतं. नळी फुटल्यावर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. त्या बायका उशिरा आल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी मुंबईत, माहेर साताऱ्याला किंवा लातूरला, आणि मध्ये जिल्हाबंदी, ई-पास. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तो तात्पुरता बंद, किंवा कोरोनासाठी ताब्यात घेतलेला. अशा वेळी दारोदार जाऊन बीपी बघणाऱ्या, लोहाच्या गोळ्या पोचवणाऱ्या आणि १०८ ला फोन लावून देणाऱ्या आशाताईंवर किती जणींचा भार होता, याची कुठे नीट नोंद होणार नाही.

‘लस घेतली तर मूल होत नाही, असलं तर पडतं’

या अफवेचा उगम शोधता येतो. १ डिसेंबर २०२० रोजी दोन युरोपीय डॉक्टर-शास्त्रज्ञांनी युरोपच्या औषध नियामकाकडे एक अर्ज केला. विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात आणि वार तयार होण्यासाठी लागणाऱ्या सिन्सिटिन-१ या प्रथिनात साम्य आहे, त्यामुळे लसीने तयार झालेली प्रतिपिंडं वारेवरही हल्ला करतील, अशी शंका त्यांनी मांडली. दोन्ही प्रथिनांतलं साम्य अगदी किरकोळ आहे. आणि शंका खरी असती तर आधी कोरोना होऊन गेलेल्या बायकांनाच दिवस राहिले नसते, कारण प्रतिपिंडं त्यांच्यातही तयार होतात. पण काही दिवसांतच शंकेचं ‘लसीने वांझपण’ झालं, आणि ती मराठी मेसेजमध्ये आली तेव्हा तिच्यातून ‘कदाचित’ हा शब्दही गळून पडला होता.

तपासणी झालीच. अमेरिका आणि कॅनडात मूल हवं असलेल्या २,१२६ स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला: लस घेतल्याने दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक नाही. फरक दिसला तो एकीकडेच, नवऱ्याला नुकताच कोरोना होऊन गेला असेल तर पुढचे साठेक दिवस ही शक्यता थोडी घटते. वांझपणाचा ठपका जिथे नेहमी सुनेवर येतो तिथे हा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आहे. पाळीत बदल होतो ही तक्रार मात्र खरी होती. डॉक्टरांनी ती सुरुवातीला उडवून लावली, पुढे मोजल्यावर पाळी सरासरी एका दिवसाहून कमी लांबते आणि एक-दोन चक्रांत पूर्ववत होते असं दिसलं. बायकांची खरी तक्रार उडवून लावली की खोट्या अफवेला बळ मिळतं, हे लसीकरणवाल्यांनी इथे शिकायला हवं होतं. गर्भपाताचं प्रमाणही लसीने वाढलं नाही, हे अमेरिका, स्कॉटलंड अशा अनेक ठिकाणच्या नोंदींत आलं.

आपल्या देशात या अफवेला सरकारी धोरणानेच खतपाणी घातलं असं मला वाटतं. लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला आणि गरोदर व स्तनदा मातांना त्यातून वगळलं. चाचण्यांत गरोदर स्त्रिया घेतल्या नव्हत्या, म्हणून माहिती नाही, म्हणून लस नाही. ऐकायला सावध, पण लोकांनी त्याचा अर्थ ‘गरोदर बाईला लस घातक’ असाच घेतला. स्तनदा मातांना १९ मे ला परवानगी मिळाली आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै २०२१ ला. मधल्या काळात, मेच्या पहिल्या आठवड्यात, देशात दिवसाला चार लाखांहून जास्त रुग्ण निघत होते. नायरमधला ५.७ टक्क्यांचा आकडा त्याच महिन्यांतला आहे. प्रसूतितज्ज्ञांची देशव्यापी संघटना मे महिन्यातच परवानगी मागत होती. जुलैमध्ये दार उघडलं तेव्हा सहा महिने ‘तुम्हाला नाही’ ऐकलेल्या बाईने ‘आता घे’ यावर सहज विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची होती.

लसीने काय साधलं असतं ते स्कॉटलंडच्या नोंदीत आहे. तिथे लसीकरण सुरू झाल्यानंतर अतिदक्षता विभागात गेलेल्या गरोदर कोरोना रुग्णांपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या होत्या. लागणीनंतर २८ दिवसांच्या आत जन्मलेली जी बाळं दगावली, त्यांतल्या एकाही आईने लागणीपूर्वी लस घेतलेली नव्हती. आणि एक फायदा जन्मानंतरचा: आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात. अमेरिकेत दोन डोस घेतलेल्या आयांच्या सहा महिन्यांखालच्या बाळांना कोरोनामुळे दाखल करावं लागण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी कमी दिसली. एवढ्या लहान बाळाला टोचता येणारी लस नाही. त्याला जे संरक्षण मिळायचं ते आईकडूनच.

‘कोरोनातली बाळं मागे पडतात’

बोलायला उशीर झाला की ‘कोरोनातलं बाळ आहे ना’ असं पुढे बालवाडीच्या दारात ऐकू येऊ लागलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२० मध्ये जन्मलेल्या २५५ बाळांची सहा महिन्यांची असताना पाहणी झाली. पोटात असताना आईला कोरोना झालेली आणि न झालेली बाळं यांच्यात फरक आढळला नाही. पण साथीच्या काळात जन्मलेली सगळीच बाळं आधीच्या बाळांपेक्षा हालचालींत आणि माणसांना प्रतिसाद देण्यात थोडी मागे होती. बंद घर, ताणात असलेली आई, चेहरे मास्कमागे, पाहुणा नाही की शेजारचं पोर नाही. अशा बाळाला शिक्का मारण्यापेक्षा बोलायला माणसं आणि खेळायला पोरं दिली तर उपयोग जास्त. दोन वर्षांचं होऊनही शब्द नसतील तर मात्र ‘कोरोनामुळे असेल’ म्हणून थांबू नये; ऐकू येतं का ते आधी तपासावं.

‘आता तो साधी सर्दी झालाय’

बहुतेकांसाठी, हो. ओमिक्रॉन हा नंतरचा प्रकार डेल्टापेक्षा सौम्य निघाला आणि लागण किंवा लस यांतलं काहीच न झालेला माणूस आता सापडणं कठीण. तरी ओमिक्रॉनच्या काळात १८ देशांतल्या ४,६१८ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात लस न घेतलेल्या आणि लक्षणं असलेल्या बायकांना गुंतागुंतीचा धोका अधिकच होता. गंभीर आजारापासून पूर्ण डोसांनी ४८ टक्के संरक्षण मिळालं, बूस्टरनंतर ७६ टक्के. मधुमेह, वाढलेलं वजन किंवा आधीपासून रक्तदाब असलेल्या गरोदर बाईने सर्दी-तापाला आजही हलक्यात घेऊ नये.

घरी ऑक्सिमीटर असेल तर तिचा आकडा ९५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. इतरांना चालणारा ९४ तिला चालत नाही. ताप आल्यानंतरचे काही आठवडे बीपी नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजून घ्यावं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, बोलताना धाप लागणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, ठोके तपासून यावं.